माणदेशात पाणी आलं, दोरी कुठं आहे?

येरळा नदी खटाव तालुक्यातल्या डोंगरात उगम पावते. वर्षातले बरेच महिने तिच्या पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि वेड्या बाभळीच जास्त. दुष्काळी मुलूख ओलांडून ती पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पोचते आणि तिथं कृष्णेला मिळते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी याच संगमाच्या गावात, महापुरातून माणसं बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत तीसेक जण होते, त्यांत बायका आणि लहान मुलं बरीच. अंगावर लाइफ जॅकेट नव्हती. डझनाहून अधिक जीव गेले. जे वाचले ते गावातल्या पोहणाऱ्यांनी हाताला लागेल त्याला धरून काठाला ओढलं म्हणून वाचले.

ब्रह्मनाळनंतर चर्चा झाली ती प्रशासनाची बोट वेळेत का आली नाही याची. प्रश्न रास्तच होता. पण बोट उलटली त्या क्षणी सरकारी पथक दोन किलोमीटरवर असतं तरी फार काही बदललं नसतं. पाण्यात पडलेल्या माणसाचा निकाल पहिल्या काही मिनिटांत लागतो आणि त्या मिनिटांत त्याच्याजवळ असतात ती फक्त आजूबाजूची माणसं. ती काय करतात, त्यांच्या हाताशी काय असतं, यावर सगळं ठरतं. ही गोष्ट शिडाच्या होडीवरच्या लोकांइतकी कुणी मनावर घेतलेली नाही. त्यांच्याकडून ती उचलायची पाळी आता माण, आटपाडी, सांगोल्याच्या दुष्काळी माणदेशावर आली आहे.

शिडाची होडी ताशी सहा सागरी मैलांनी चालली असेल, तर सेकंदाला साधारण तीन मीटर पुढं सरकते. मोटारबोटीसारखं इंजिन बंद करून किंवा उलटं फिरवून तिला थांबवता येत नाही. वारा तिला ढकलतच राहतो. कुणी पाण्यात पडल्यावर मिनिटभर गोंधळात गेलं, तर मधलं अंतर पावणेदोनशे मीटरच्या वर गेलेलं असतं. लाटांमध्ये माणसाचं दिसतं ते फक्त डोकं, नारळाएवढं, तेही लाट खाली गेली की. म्हणून होडीवरचा नियम असा की, ज्याच्या नजरेसमोर माणूस पडला त्यानं आधी बोंब मारायची, मग हात लांब करून पडलेल्याकडे बोट रोखायचं आणि ते खाली घ्यायचं नाही. शीड उतरवायला त्यानं हात लावायचा नाही, दोरही शोधायचा नाही. नजर हटली की समुद्र माणूस लपवतो.

बाकीच्यांची कामंही वाटून दिलेली असतात. एक जण हाताशी असेल ते तरंगणारं सगळं पाण्यात फेकतो, मग ती गोल रिंग असो, गादी असो वा रिकामा कॅन. दुसरा जीपीएस यंत्रावरचं बटण दाबून जागा नोंदवतो. सुकाणूवरचा माणूस होडी वाऱ्यावर वळवतो आणि अशा बाजूनं परत आणतो, की पडलेल्याजवळ पोचेपर्यंत तिचा वेग मरावा. इंजिन चालू असेल तर जवळ येताना पंखा थांबवायचा, नाहीतर वाचवायला गेलेली होडीच त्याला कापून काढेल. एवढं साधल्यावरही सगळ्यांत अवघड काम उरतंच. ओल्या कपड्यांतला, थकलेला, हातपाय गळालेला माणूस मीटर-दीड मीटर उंच कडेवरून वर घेणं दोन धडधाकट गड्यांनाही जमत नाही. शीड चढवायच्या दोरानं, कप्पी लावून, त्याला उचलावं लागतं. हा सगळा खटाटोप बंदरात, शांत पाण्यात, रिंगेला बादली बांधून पुन्हा पुन्हा घोटवला जातो. आणि या सगळ्यात वाचवण्यासाठी म्हणून पाण्यात उडी मारायचं काम कुणाकडेच नसतं. एक जण पाण्यात आहे तेवढा पुरे.

कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. तसं करणारे ते पहिले भारतीय. एकट्या माणसाच्या बाबतीत तर वरचे सगळे नियम निकामी. तो पडला तर स्वयंचलित सुकाणू होडी पुढंच नेत राहतं, मागं वळून घेणारं कुणी नसतं. त्यामुळं असा खलाशी कमरेच्या पट्ट्याला दोर लावून, दोराचं दुसरं टोक होडीला अडकवूनच वावरतो.

मुरलेले लोकही इथं चुकतात. फ्रान्सचे एरिक तबार्ली हे शिडाच्या नौकानयनातलं केवढं मोठं नाव. जून १९९८ मध्ये वेल्सच्या किनाऱ्याजवळ रात्री शीड बदलताना ते आपल्याच लाडक्या ‘पेन ड्यूक’वरून समुद्रात पडले. दोर अडकवलेला नव्हता. मृतदेह सापडायला आठवडे लागले. २६ मार्च २०१८ रोजी जगप्रदक्षिणेच्या व्होल्वो ओशन रेसमध्ये केप हॉर्नच्या पश्चिमेला जॉन फिशर हे खलाशी पडले. होडीवर दुसरीकडे जाण्यासाठी त्यांनी आपला दोर क्षणभर सोडला होता, तेवढ्यात होडी अचानक वाऱ्यावर फिरली आणि शिडाच्या दोरखंडानं त्यांना उडवलं. सोबत्यांनी तुफानी वाऱ्यात तासन् तास शोध घेतला. फिशर सापडले नाहीत.

त्याआधी चार वर्षं, मार्च २०१४ अखेर, पॅसिफिक महासागरात क्लिपर शर्यतीतले अँड्र्यू टेलर असेच शीड बदलताना पडले. त्यांचाही दोर त्या क्षणी अडकवलेला नव्हता. दीड तास ते थंड पाण्यात होते आणि जिवंत सापडले. अंगात पाणी आत न शिरू देणारा पोशाख होता, जॅकेट होतं, जागा कळवणारं छोटं यंत्र होतं, आणि होडीवर सराव झालेले लोक होते. नशीबही होतं, हे नाकारायचं कारण नाही. पण नशिबाला काम करायला दीड तास मिळाला तो या वस्तूंमुळं.

आता दहिवडीच्या किंवा आटपाडीच्या वाचकाला प्रश्न पडेल की हे सगळं आपल्याला कशाला? आपल्याकडे टँकर यायचा. आपल्या माणदेशानं पाण्याच्या खड्ड्यावरून उडी मारली ती रिओ ऑलिंपिकमध्ये, मोहीच्या ललिता बाबरनं, स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत.

पण तो माणदेश आता बदलतो आहे. टेंभू योजनेचं पाणी आटपाडीत आलं. उरमोडी धरणाचं पाणी माणमध्ये शिरलं. जिहे-कठापूर योजनेतून कृष्णेचं पाणी आंधळीच्या धरणापर्यंत पोचलं. ब्रिटिशांच्या काळातला राजेवाडीचा तलाव आहेच. ज्या माणगंगेच्या पात्रात म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेची दुकानं लागतात, ती नदी आता अवचित वाहू लागते. मे २०२५ अखेरीस अवकाळी म्हणावा तर अवकाळी नव्हे आणि मान्सून म्हणावा तर मान्सून नव्हे असा पाऊस फलटण-बारामती पट्ट्यात कोसळला आणि या कायम तहानलेल्या भागात एनडीआरएफची पथकं धाडावी लागली. पाण्याची वाट पाहण्यात ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना पाण्याच्या धोक्याशी वागण्याची सवय कुठून असणार?

माणदेशातला खरा धोका मात्र नदीत नाही, तलावातही नाही. तो डाळिंबाच्या बागेशेजारी आहे.

राज्यानं २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, तीन मीटर खोल हा त्यातला मोठ्यातला मोठा आकार. मुरमाड जमिनीत पाणी टिकावं म्हणून आत जाड प्लास्टिकचा कागद अंथरायचा. या तळ्यांनी आटपाडी, सांगोला, माणच्या बागा जगवल्या. त्याबद्दल वाद नाही. पण असं एखादं तळं नीट पाहा. चारही बाजूंना तिरकी उतरण, तिच्यावर काळा कागद, पाण्याच्या रेषेला हिरवट बुळबुळीत शेवाळाचा पट्टा. मोटारीचा फूटव्हॉल्व्ह काढायला, तरंगणारी बाटली ओढायला किंवा उन्हाळ्यात अंगावर पाणी घ्यायला कुणी काठावर वाकतं आणि पाय सटकतो. पडलेला माणूस पोहत काठाला येतो. काठ हाताला लागतो, पण धरता येत नाही. कागदावर ना खाच, ना दगड, ना गवताचा बुंधा. तो वर चढतो, घसरतो, पुन्हा चढतो. पट्टीचा पोहणाराही अशानं दमून बुडतो, आणि तेही जमिनीपासून हातभर अंतरावर.

पुढचं दृश्य वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला पाठ आहे. मुलगा पडतो, आई धावते, उडी घेते. मग बाप किंवा चुलता. संध्याकाळी तळ्यातून दोन-तीन देह बाहेर काढले जातात. बातमीत आईच्या मायेचं वर्णन येतं. काठावर वीस फूट दोरी असती तर बातमीच झाली नसती, हे कुणी लिहीत नाही.

उडी मारण्याबद्दल आपल्याकडे फार आदर आहे. तो थोडा कमी झाला तर बरं. २३ मे २०२४ रोजी अकोले तालुक्यात सुगाव इथं प्रवरेत बुडालेल्या तरुणाचा शोध घ्यायला धुळ्याहून राज्य आपत्ती प्रतिसाद दलाचं पथक आलं होतं. भोवऱ्यात त्यांची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. प्रशिक्षण घेतलेली माणसं, सोबत साधनं, आणि तरीही. मग मोबाइल खिशात ठेवून, अंगातल्या कपड्यांनिशी तळ्यात झेप घेणाऱ्याचं काय होणार? बुडणारा माणूस वाचवणाऱ्याला मिठी मारतो, त्याच्या खांद्यावर चढू पाहतो. त्यात कृतघ्नपणा नाही, श्वासासाठीची ती धडपड आहे. म्हणून त्याच्या हातात स्वतःचा गळा देण्याऐवजी काठी द्यावी, दोरी द्यावी, पाच लिटरचा बूच लावलेला रिकामा कॅन द्यावा. दोरी नसेल तर साडी आहे, मुंडाशाचं कापड आहे, ठिबकची नळी आहे. देणाऱ्यानं आधी पालथं पडावं किंवा मागून कुणालातरी आपले पाय धरायला सांगावं.

सुगावच्या घटनेच्याच आठवड्यात, दोन दिवस आधी, उजनीच्या जलाशयात कुगावहून कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली होती. सात जणांपैकी एक पोलीस अधिकारी पोहत काठाला लागला. बाकीचे सहा जण, त्यांत लहान मुलं, गेले. शोधकार्य मोठं झालं, पथकं आली, कॅमेरे आले. हाती लागले ते मृतदेह. एनडीआरएफची पुण्याची बटालियन तळेगावजवळ सुदुंबऱ्याला आहे. तिथून म्हसवडला यायला रस्ता मोकळा मिळाला तरी चार तास धरा. त्या जवानांच्या निष्ठेबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. चार तासांनी कुणीही पोचलं तरी ते शोधायलाच पोचतं.

यावर हमखास येणारं उत्तर असं की पोरांना पोहायला शिकवा, म्हणजे प्रश्न मिटला. शिकवायला हवंच. पण आधी थोडं मागं वळून पाहायला हवं. माणदेशात पोहणं कधी नव्हतंच, हा समज खोटा आहे. विहिरींना पाणी होतं तेव्हा पोरं विहिरीतच पोहायला शिकायची. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधलेला, कमरेला कासरा आणि कासऱ्याचं दुसरं टोक थारोळ्यावर बसलेल्या थोरल्या माणसाच्या हातात. खलाशाच्या कमरेचा दोर आणि हा कासरा यांत तत्त्वाचा काहीही फरक नाही. पाणी खोल गेलं, बोअरवेल आल्या, विहिरी कोरड्या पडल्या आणि ही सगळी पद्धत मोडली. मग शेततळी आली ती अशा पिढीच्या वाट्याला, जिनं ना भोपळा पाहिला ना कासरा. पाणी परत आलं, त्याच्याबरोबरचं शहाणपण काही आलं नाही.

शिवाय पोहता येणं पुरत नाही. तबार्ली, फिशर या माणसांचं अख्खं आयुष्य पाण्यावर गेलं होतं. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली तेव्हा सहाशेवर माणसं गेली; त्यांत कोकणातले, समुद्राकाठी वाढलेले कितीतरी होते. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं, मुंबईला कित्येक तास पत्ताच नव्हता. जे वाचले त्यांतल्या अनेकांना रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्यांत ओढून घेतलं. सत्याहत्तर वर्षांनी, १८ डिसेंबर २०२४ रोजी, घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाची स्पीडबोट धडकली. तिथंही पहिल्या मिनिटांत माणसं उचलली ती जवळून जाणाऱ्या बोटींनी. शंभराच्या आसपास लोक वाचले, पंधरा गेले. लाइफ जॅकेट बोटीवर असणं आणि अंगावर असणं यात किती अंतर असतं, हे त्या दिवशी मुंबईनं पाहिलं.

जीव वाचवणारे शेजारीच असतील, तर तयारी शेजाऱ्यांची व्हायला हवी. ती महागही नाही. प्रत्येक शेततळ्याच्या चारही बाजूंना, काठावर लोखंडी खुंटी रोवून, हात-हात अंतरावर गाठी मारलेला नायलॉनचा दोर पाण्यात सोडलेला असावा. गाठी हव्यातच, कारण ओल्या हातातून गुळगुळीत दोर निसटतो. एका बाजूला दोराची शिडी किंवा जुने टायर एकमेकांना बांधून केलेली पायरी. कुंपणाच्या फाटकाला हवा भरलेली ट्यूब आणि लांब बांबू. डाळिंबावरच्या एका फवारणीच्या औषधाला जेवढे पैसे जातात, त्याहून हा खर्च जास्त व्हायचा नाही.

पूरगावांत बोटी दिल्या गेल्या, ते चांगलंच झालं. पण बोटीबरोबर माणसांची नावं ठरलेली हवीत. बोलावणारा कोण, नजर ठेवणारा कोण, दोर फेकणारा कोण, आणि किती माणसं चढली की ‘बास, आता दुसऱ्या फेरीला’ म्हणण्याचा अधिकार कुणाचा? हे शेवटचं सगळ्यांत अवघड आहे, कारण समोर हात जोडून उभी असलेली माणसं भावकीतली असतात. सांगलीजवळच्या गावांत कृष्णेच्या पात्रात होड्यांच्या शर्यती होतात. त्या गावांतल्या तालमींकडे वल्ही मारणारे दंड आहेत आणि नदीची जाणही आहे. शर्यतीच्या दिवशीच, दहा हजार डोळ्यांसमोर, एक होडी मुद्दाम उलटवून माणूस उचलण्याची स्पर्धा ठेवली तर बक्षिसाची ढाल द्यायला पुढारी कमी पडणार नाहीत.

पाण्याबाहेर काढल्यावरही एक गोष्ट आपल्याकडे सर्रास चुकते. बुडालेल्याला उलटं टांगून गरगर फिरवतात, खांद्यावर पालथं टाकून पळतात, पोट दाबून पाणी काढतात. फुप्फुसात गेलेलं पाणी अशानं निघत नाही; पोटातलं निघतं आणि श्वासनलिकेत अडकायची भीती वाढते. बुडालेल्या माणसाला हवी असते हवा. श्वास थांबला असेल तर उताणं झोपवून, हनुवटी वर करून, नाक दाबून तोंडानं आधी श्वास द्यायचा आणि लगेच छातीवर दाब सुरू करायचा. १०८ ची गाडी येईपर्यंत थांबायचं नाही. हे पुस्तकात वाचून येत नाही. म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी नावाचा सामुदायिक रेडिओ आहे, माणदेशी बोलीत बोलणारा. उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागण्याआधी महिनाभर त्यावर रोज हेच सांगता येईल. हात धरून शिकवायचं काम मात्र आरोग्य उपकेंद्रालाच करावं लागेल.

देशात दरवर्षी पस्तीस हजारांहून अधिक माणसं बुडून मरतात, असं राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अलीकडचे अहवाल सांगतात. केंद्राच्या आरोग्य खात्यानं डिसेंबर २०२३ मध्ये बुडून होणारे मृत्यू रोखण्याचा एक आराखडाही काढला. असले आराखडे तालुक्याला पोचेपर्यंत त्यांची शाई वाळून जाते. पण शेततळ्याचं अनुदान सोडण्याआधी कृषी खात्याचा माणूस बांधावर येतोच. लांबी-रुंदी मोजतो, खोली पाहतो आणि शेतकऱ्याला तळ्याकाठी उभं करून जागेच्या नोंदीसह मोबाइलवर फोटो काढतो. त्या फोटोत गाठी मारलेला दोर आणि ट्यूब दिसली नाही तर बिल अडकवायचं, एवढा एका ओळीचा आदेश निघायला हवा. अनुदान आधीच घेतलेल्या जुन्या तळ्यांसाठी ग्रामसभेला ठराव करावा लागेल, आणि ज्यांच्या तळ्याला दोर नाही त्यांची यादी पंचायतीच्या फळ्यावर लावावी लागेल. काही लोक चिडतील. चिडू द्यावं.